डावा कोपरा

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला, तेव्हा ज्या नगरात तो होत होता त्या नगराचे नाव धारण करणाऱ्या संघाला त्या मॅटवर उभे राहण्याचा अधिकार उरलेला नव्हता. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून आपले पहिले विजेतेपद संपादन केले. त्याच वर्षी १ मार्चला हैदराबादेत झालेल्या मागील हंगामाच्या अंतिम सामन्यात ह्याच हरियाणास पुणेरी पलटणने २८-२५ असे नमविले होते; आणि ज्या इराणी गड्याने त्या विजयी पलटणीचा डावा कोपरा हंगामभर अभेद्य राखला, तो महंमदरेझा शादलू डिसेंबरच्या ह्या रात्री पुण्याच्याच भूमीवर, पुण्याच्याच प्रेक्षकांसमक्ष, हरियाणाच्या पोशाखात करंडक उंचावीत होता. गतविजेता संघ बारा संघांच्या गुणतक्त्यात आठव्या स्थानी येऊन थांबला होता. दहा महिन्यांत एखाद्या संस्थानाची गादी जावी आणि त्याच्याच राजवाड्यात दुसऱ्याचा राज्याभिषेक व्हावा, असा हा प्रकार होता.

ह्या हंगामाची हकीकत पुण्यातून सांगण्यापेक्षा पाटसमधून सांगणे मला अधिक न्याय्य वाटते. पुणे शहराला मनोरंजनाचा तोटा नाही. तेथे एक संघ हरला तर दुसरा असतो, कबड्डी आटोपली तर क्रिकेट असते, आणि पराभवाचे दुःख दुसऱ्या दिवशीच्या वाहतुकीत विरून जाते. पाटसचे तसे नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर साठेक किलोमीटरवर, दौंड तालुक्यात वसलेले हे गाव एका बाजूस रेल्वेच्या लोहमार्गाला आणि दुसऱ्या बाजूस रोटीच्या घाटाला धरून आहे. आषाढात तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून येथूनच घाट चढते आणि बारामतीच्या मुलुखात उतरते; कार्तिक सरला की उसाने भरलेले ट्रॅक्टर येथल्या भीमा सहकारी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. ह्या कारखान्यानेही आपले वाईट दिवस पाहिले आहेत. काही वर्षे त्याचे धुराडे थंड राहिले, आणि भाडेकराराने तो दुसऱ्यांच्या हाती सोपवल्यावर गाळप पुन्हा सुरू झाले. तेव्हा गतवैभव, दिवाळखोरी आणि परक्याच्या हाती गेलेली किल्ली ह्या गोष्टी पाटसकरांना कबड्डीने शिकवाव्या लागल्या नाहीत.

शिवाय ह्या पट्ट्यात कबड्डी ही बघण्याआधी खेळण्याची गोष्ट आहे. ज्यांची आज साठी उलटली आहे, ते तिला अजून हुतूतूच म्हणतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड आणि रात्री विजेच्या झोतात कबड्डीचे सामने, हा क्रम भीमाकाठच्या गावांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. माती भिजवून, चाळून, रोलर फिरवून, फक्कीने रेघा आखून तयार केलेले मैदान. दोन पंच, गुणफलकाला बसलेला गावातलाच एखादा शिक्षक, आणि ध्वनिक्षेपकावर खेळाडूपेक्षा देणगीदारांचीच नावे अधिक घेणारा निवेदक, हे दृश्य ज्याने पाहिले नाही, त्याला प्रो कबड्डीच्या झगमगाटामागील मूळ रंग कळणार नाही. ज्या खेळाच्या नियमांना ह्याच महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिस्त लागली, ज्याच्यासाठी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य वेचले आणि त्यांच्या जन्मदिनी, १५ जुलैला, कबड्डी दिन पाळला जातो, तो खेळ १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पोचला, तरी त्याचे पोट मात्र अजून गावच्या मातीतच आहे.

पुणेरी पलटणचा इतिहास हा मुळात दैन्याचा इतिहास आहे, ही गोष्ट २०२४ च्या शोककळेत बहुतेकांच्या स्मरणातून निसटली होती. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा एकंदर आठ संघ होते, आणि पहिल्या दोन्ही हंगामांत पुणे आठवे आले. म्हणजे आठवा क्रमांक ह्या संघाला नवा नव्हता. फरक इतकाच की तेव्हा आठाच्या खाली कोणी नव्हते, आता चार होते. त्याच काळात शेजारची यू मुंबा अंतिम फेऱ्यांचा जणू मक्ता घेऊन बसली होती आणि २०१५ चे विजेतेपदही तिच्या पदरात पडले होते. पुणेकराच्या स्वभावाला ह्यापेक्षा अधिक झोंबणारी गोष्ट कोणती असणार? २०१६ मध्ये मनजीत छिल्लर आला, त्या एका वर्षात झालेल्या दोन्ही हंगामांत पलटण तिसरी आली आणि थोडी अब्रू सावरली. पुढे दीपक निवास हुडाच्या नेतृत्वाखाली बाद फेरीपर्यंत मजल गेली. नंतर पुन्हा उतार लागला. २०१९ मध्ये तर संघ दहाव्या स्थानी जाऊन बसला. महामारीनंतर सर्व संघ बंगळुरूत एका छताखाली कोंडून खेळले, त्या हंगामात सहावे स्थान मिळाले. खरा पालट झाला तो २०२२ मध्ये, जेव्हा प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले आणि कर्णधार म्हणून फझल अत्राचली आला.

फझल अत्राचली हा इराणी. त्याला ह्या लीगमध्ये ‘सुलतान’ म्हणतात, आणि ही पदवी भाटांनी दिलेली नसून प्रतिस्पर्धी चढाईपटूंच्या घोट्यांनी दिलेली आहे. त्याच्यासाठी पलटणने १ कोटी ३८ लक्ष रुपये मोजले, तेव्हा परदेशी खेळाडूला मिळालेली ती सर्वोच्च बोली होती. त्याचे स्थान डावा कोपरा. त्या हंगामात पलटण प्रथमच अंतिम सामन्यात गेली आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा, चार गुणांनी, पराभूत झाली. पुढल्या वर्षी फझल गुजरातच्या संघात गेला आणि त्याच्या रिक्त जागेवर दुसरा, वयाने आठ वर्षे लहान असलेला इराणी आला. किंमत २ कोटी ३५ लक्ष, आणि स्थान पुन्हा डावा कोपरा.

ज्यांना ह्या खेळाचा सराव नाही, अशा वाचकांसाठी कोपऱ्याचे माहात्म्य थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ह्या लेखाचा सगळा भार त्याच एका जागेवर आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून येतो तेव्हा त्याच्यापुढे सात गडी साखळी करून अर्धचंद्राकार पसरलेले असतात. साखळीची दोन टोके ती कोपऱ्याची. त्यांच्या आतले ते मध्यरक्षक. चढाईपटूजवळ अवघे ३० सेकंद असतात. बोनस घ्यायचा तर त्याला एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून दुसरा अधांतरी ठेवावा लागतो, आणि त्या क्षणी त्याचा तोल त्याच्या स्वाधीन नसतो. नेमका तो क्षण ओळखून पुढे झेपावणे, हातात घोटा येताच तो सोडायचा नाही अशा निश्चयाने जमिनीला पाठ लावणे, आणि आपली झेप चुकली तर आपल्यासह दोनतीन गडी बाद होतील ही भीती मनातून हद्दपार करणे, हे कोपऱ्याचे काम. बहुसंख्य चढाईपटू उजव्या हाताचे असल्यामुळे आणि ते आपल्या उजव्या बाजूकडे, म्हणजे बचावाच्या डाव्या कोपऱ्याकडे, अधिक सहजतेने झुकत असल्यामुळे, लढाईचे तोंड बहुधा ह्याच कोपऱ्यावर लागते. मध्यरक्षक कितीही बलदंड असले, तरी त्यांनी धडक कधी मारायची, हे कोपरा ठरवितो. तो डगमगला की साखळीच डगमगते.

शादलूने दहाव्या हंगामात ९९ पकडगुण मिळवून सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान घेतला. पण पलटणची शोभा त्याच्या एकट्याची नव्हती. उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री, आत अभिनेश नादराजन आणि संकेत सावंत, अशी ती चौकट होती. चढायांचा भार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे ह्या चौघांत वाटलेला होता, त्यामुळे एकाची पकड झाली म्हणून संघाचा श्वास अडकत नसे. अस्लम नगर जिल्ह्याचा, आकाश नाशिकचा. दोघेही ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णपदकविजेत्या संघात होते, आणि वादाने गाजलेल्या त्या अंतिम सामन्यात समोर इराणकडून जो उभा होता, तो शादलूच. ऑक्टोबरात परस्परांच्या घोट्यांना हात घालणारे हे गडी डिसेंबरात पुण्यासाठी एकमेकांचा हात धरून साखळीत उभे राहिले. त्या हंगामात पलटणने साखळी फेरीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडविले आणि अवघे २ गमावले. ९६ गुण झाले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि हरियाणाला पुढे डोके वर काढणे अवघड झाले. कर्णधार अस्लम संपूर्ण हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. दहा वर्षांचे दैन्य फिटले.

पाटसच्या चौकात त्या रात्री फटाके वाजले. ज्या संघात आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, आपल्यासारखेच मराठी बोलणारा पोरगा कर्णधार आहे, त्याचा विजय हा गावाला आपला वाटला, ह्यात नवल नाही. पुण्याच्या नावाविषयी ग्रामीण भागात जो एक सूक्ष्म आकस असतो, तो अस्लमने पुसून टाकला होता.

आणि मग लिलाव आला. १५ व १६ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईत अकराव्या हंगामाची बोली झाली. प्रत्येक संघाच्या खजिन्याची मर्यादा पाच कोटी रुपयांची. त्यातच राखून ठेवलेल्या खेळाडूंची देणी आणि नव्यांची खरेदी बसवायची. शादलूची आधीची किंमत ह्या खजिन्याचा निम्मा हिस्सा खाऊन टाकणारी होती. पलटणच्या कारभाऱ्यांनी हिशेब केला तो असा की आपले तरुण गडी, बहुतेक सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, एकत्र राखावेत आणि त्यासाठी एका महाग माणसावर पाणी सोडावे. शादलू खुल्या बोलीत गेला आणि हरियाणाने २ कोटी ७ लक्षांस त्याला उचलले. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा २८ लक्षांनी स्वस्त! पाटसमधल्या चहाच्या टपरीवर ह्या आकड्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी उसाच्या पहिल्या उचलीचीही झाली नसेल.

कारभाऱ्यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांचा हिशेब मूर्खपणाचा नव्हता. दरसाल बोली लावून गडी विकत घेणाऱ्या लीगमध्ये खेळाडू हा जुन्या काळच्या शिलेदारासारखा असतो. घोडा त्याचा, तलवार त्याची, मोहीम संपली की सनद संपली, आणि पुढल्या वर्षी तो कोणाच्या छावणीत असेल हे त्यालाही ठाऊक नसते. अशा व्यवस्थेत शहाणा सरदार शिलेदारांवर विसंबत नाही. तो आपल्या पागेतले बारगीर तयार करतो. पुण्याने तेच केले होते. आपल्या प्रबोधिनीत कोवळी पोरे घडवायची, कनिष्ठ स्पर्धांत खेळवायची आणि यथावकाश मुख्य संघात आणायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ, आणि २०२४ चे विजेतेपद हे त्याचेच फळ होते. लिलावामुळे विजेत्याला विजेता राहता येत नाही, ही तक्रारही सर्वांशाने खरी नाही. ह्याच लीगमध्ये पाटण्याने ओळीने तीन वेळा करंडक जिंकून दाखविला आहे. तेव्हा दोष व्यवस्थेच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. माझ्या मते चूक एवढीच झाली की शादलूची किंमत करताना त्याचे ९९ गुण मोजले गेले, आणि तो तेथे उभा असल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांनी जे बोनस मागितलेच नाहीत, ज्या चढाया त्या बाजूला वळल्याच नाहीत, त्यांची मोजदाद झाली नाही. ती गुणफलकावर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला लिलावात भाव येत नाही.

प्रारंभी मात्र कारभाऱ्यांचाच हिशेब बरोबर ठरतो आहे असे वाटले. १८ ऑक्टोबरला हैदराबादेत हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी पलटणने पहिल्या सामन्यात शादलूसह उतरलेल्या हरियाणाला ३५-२५ असे हरविले. हैदराबादच्या गचीबावलीतील त्या पहिल्या टप्प्यात संघ गुणतक्त्याच्या वरच्या भागात वावरत होता. अस्लम चढाई करी, परत येऊन बचावात उभा राही, पकडीत हात घाली, पंचांशी हुज्जत घाली, नवख्यांना जागा दाखवी. आणि त्याच्या ह्या सर्वसंचारी वावरामुळे डाव्या बाजूची उणीव झाकली जात होती.

नोव्हेंबरमध्ये मुक्काम नोएडास हलला आणि त्याच सुमारास अस्लमचा गुडघा गेला. उर्वरित हंगामासाठी तो बाहेर झाला, धुरा आकाश शिंदेकडे आली. कबड्डीत गुडघ्याची दुखापत ही काही अपूर्व घटना नव्हे. ज्या खेळात तीनचार गड्यांचे वजन एका माणसाच्या सांध्यावर आडवे पडते, तेथे प्रत्येक मोसमात कोणाचा ना कोणाचा गुडघा जातोच. परंतु येथे एका सांध्याबरोबर संघाची दोन कामे एकदम निखळली. चढाईतला पहिला गडी गेला, आणि बचावातला जो धीर उसना घेतलेला होता, तोही गेला. आकाश शिंदे गुणी चढाईपटू आहे. पण कोवळ्या संघाची सूत्रे हंगामाच्या मध्यावर, तीही पराभवाच्या उतारावर हाती येणे, ह्यात मानापेक्षा शिक्षाच अधिक असते.

त्यानंतरचे सामने एकेक करून सांगण्यात हशील नाही. ते बहुतेक एकाच साच्याचे होते. पलटण सहसा दाणादाण उडून हरत नसे. ती पाचसहा गुणांनी मागे राही, बरोबरीत अडके, शेवटच्या मिनिटांत ‘करो या मरो’ची चढाई वाया घालवी. लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे विजयास पाच गुण, बरोबरीस तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास एक गुण सांत्वनापोटी मिळे. पलटणच्या खात्यावर हंगामाअखेर नऊ विजय, तीन बरोबऱ्या आणि दहा पराभव जमा होते. विजयांचे पंचेचाळीस आणि बरोबऱ्यांचे नऊ वजा केले तर साठांपैकी उरलेले सहा गुण हे असे सांत्वनाचे होते. म्हणजे दहांपैकी सहा वेळा हा संघ हाताशी आलेला सामना हरला. ज्या संघाने आदल्या वर्षी असेच अटीतटीचे सामने खिशात घातले, त्याच्याकडे ह्या वर्षी शेवटच्या दोन मिनिटांत पकड करील असा भरवशाचा माणूस नव्हता, ह्याचा ह्याहून सरळ पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

३ डिसेंबरपासून तिसरा व अखेरचा टप्पा बालेवाडीस आला, तेव्हा घरच्या मातीत, किंवा घरच्या मॅटवर म्हणा, काही चमत्कार होईल अशी आशा होती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभारलेल्या ह्या संकुलातील बॅडमिंटनच्या सभागृहात सामने होत. पाटसहून तेथे जाणे म्हणजे दिवसभराचे काम. दौंडहून येणारी गाडी पकडून पुणे स्थानक, तेथून शहर आडवे कापून पश्चिमेच्या टोकाला बालेवाडी. पहिला सामना रात्री आठला, दुसरा नऊला. पलटणचा सामना दुसरा असला की परतीची शेवटची गाडी हुकणार हे ठरलेलेच. तरी पोरे जात. कोणी उसाच्या खेपा एक दिवस दुसऱ्याच्या गळ्यात मारून जाई, कोणी महाविद्यालयाची सबब सांगून. परत येताना स्थानकाच्या फलाटावर पहाटेपर्यंत बसून त्यांनी जे वाद घातले, त्यांचा सारांश माझ्या कानावर आला तो असा: एक पक्ष म्हणे, अस्लम असता तर. दुसरा म्हणे, शादलू असता तर. तिसरा, जो नेहमी अल्पसंख्य असतो, तो म्हणे की अस्लम आणि शादलू दोघेही असते तर हा प्रश्न चर्चेला येण्याइतका सोपाच राहिला नसता. खरा प्रश्न, ते नसताना काय करायचे ह्याची तालीम कोणी केली होती का?

ह्या तिसऱ्या पक्षाचे पुढारीपण येथील एका जुन्या खेळाडूकडे आहे. त्यांनी उमेदीत मातीवर कोपरा सांभाळला, आज त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे आहेत आणि सायंकाळी ते गावातल्या मुलांना घोट्याची पकड शिकवितात. त्यांचे म्हणणे मला विचारार्ह वाटले. मातीवर कोपऱ्याचा गडी झेपावला की माती त्याला थोडे पुढे सरकू देई, त्यामुळे अर्धा क्षण चुकला तरी पकड साधे. मॅट तशी सवलत देत नाही, पाय जेथे टेकला तेथेच रुततो. म्हणून आजच्या कोपऱ्याला झेप घेण्यापूर्वीच सगळा निर्णय करावा लागतो, आणि हा निर्णय शिकविता येत नाही. तो शेकडो चुका करूनच अंगी येतो. पोरांना चुका करू द्यायच्या तर कनिष्ठ सामन्यांत. विजेतेपद राखण्याच्या वर्षी नव्हे. पलटणने ती तालीम भर बाजारात केली, एवढाच त्यांचा आक्षेप. गौरव खत्रीविषयी मात्र ते गौरवानेच बोलत. उजवा कोपरा त्याने हंगामभर एकट्याच्या हिमतीवर लढविला, असा त्यांचा निर्वाळा होता.

हरियाणाच्या बाजूने पाहिले तर चित्र अगदी उलटे होते. मनप्रीत सिंग यांच्या हाताखालील त्या संघाकडे जयदीप दहियासारखा मध्यरक्षक आधीपासूनच होता; त्याला बगलेस एक भक्कम कोपरा हवा होता, तो मिळाला. ८४ गुणांनी ते अग्रस्थानी आले आणि शेवटपर्यंत अग्रस्थानीच राहिले. हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू शादलू ठरला. लागोपाठ दोन वर्षे दोन निरनिराळ्या संघांचा करंडक उचलणाऱ्या ह्या तरुणाने पुण्याचा काही विश्वासघात केला, असे म्हणणारेही भेटले. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. ज्याला आपण बाजारात नेऊन उभे केले, त्याने गिऱ्हाइकाबरोबर जाऊ नये अशी अपेक्षा करणे हे काही धर्माला धरून नाही. बालेवाडीच्या प्रेक्षकांनीही हे उमजून घेतले असावे, कारण अंतिम सामन्यात त्याच्या पकडींना मिळालेली दाद मोकळ्या मनाची होती.

पुण्याच्या मैदानी इतिहासात ह्याहून विचित्र एक प्रकरण होऊन गेले आहे, त्याची येथे आठवण होते. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया ह्या नावाने अमेरिकन फुटबॉलची एक व्यावसायिक लीग येथे काढण्यात आली. अमेरिकेतील नामांकित माजी खेळाडूंचे आणि एका प्रसिद्ध सिनेनटाचे पैसे तीत होते. शिरस्त्राणे, खांद्यांची चिलखते, लंबगोल चेंडू असा सगळा सरंजाम आला. कबड्डी, कुस्ती आणि रग्बी खेळणारी धडधाकट पोरे गोळा केली गेली, आणि सामने श्रीलंकेत भरविले गेले. पुण्याच्या संघाचे नाव होते पुणे मराठाज, आणि पहिल्याच हंगामाचे विजेतेपद त्यांनी पटकाविले. आज पुण्यात त्या विजेतेपदाची वार्ता ठाऊक असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील; पाटसमध्ये तर ती ऐकून लोक मी थट्टा करतो आहे असे समजले. जो संघ जिंकला त्याची कोणाला खबर नाही, आणि जो आठवा आला त्याच्यापायी माणसे फलाटावर रात्र काढतात! ज्या खेळाचा लवलेशही आपल्या यात्रेत नाही, त्यातला संघ हरला काय आणि जिंकला काय.

हंगाम संपला आणि खांदेपालट झाला. रमेश बंगळुरूच्या संघाकडे गेले. पलटणचे प्रशिक्षकपद भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर याच्याकडे आले. शादलूस पुन्हा लिलावात यावे लागले आणि ह्या वेळी तो गुजरातला गेला, म्हणजे हरियाणालाही त्याला राखता आले नाही, ह्याची नोंद पाटसच्या टपरीवर समाधानाने घेतली गेली. अस्लम गुडघा बरा करून परत कर्णधार झाला. २९ ऑगस्ट २०२५ ला विशाखापट्टणम येथे बारावा हंगाम सुरू झाला. गुणांची पद्धत बदलली होती. सांत्वनाचा गुण रद्द करून विजयास सरळ दोन गुण ठेवण्यात आले होते. निसटत्या पराभवांवर गुजराण करण्याची सोय अशी कायद्यानेच बंद झाली, आणि पलटणने १८ पैकी १३ सामने जिंकून साखळीत अग्रस्थान मिळविले. ह्या खेपेस बालेवाडीत एकही सामना नव्हता; सगळा हंगाम दूरदर्शन संचावर आणि भ्रमणध्वनीच्या हातभर काचेवर पाहावा लागला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, पाटसचे प्रेक्षक वाढले. रेल्वे चुकण्याची भीती नव्हती.

अंतिम सामना ३१ ऑक्टोबरला दिल्लीत, दबंग दिल्लीच्या घरी झाला. पलटण पहिल्या सत्रात मागे पडली, दुसऱ्यात तिने गाठत आणले. आदित्य शिंदे नावाच्या तरुण चढाईपटूने दहा गुण मिळविले. बारगीर तयार करण्याची जुनी रीत अजून मोडलेली नाही, ह्याचा तो दाखला होता. शेवटच्या मिनिटात अंतर इतके कमी झाले की एक यशस्वी चढाई सामना फिरवू शकली असती. चढाईला आदित्यच गेला. समोर दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यावर, तीन वर्षांपूर्वी जो पुण्याचा कर्णधार होता आणि ज्याला पुण्याने पुढल्या वर्षी जाऊ दिले होते, तो फझल अत्राचली उभा होता. त्याने पकड केली. दिल्ली ३१, पुणे २८.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर अजय ठाकूरच्या डावपेचांची, अस्लमच्या गुडघ्याची आणि आदित्यने बोनसवर समाधान मानायला हवे होते की काय ह्याची यथास्थित उलटतपासणी झाली. गुडघ्याला पट्टे बांधलेले ते वृद्ध गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढल्या लिलावात इराणची किती पोरे उतरणार आहेत, आणि त्यांच्यापैकी डावा कोपरा खेळणारी कोणती, एवढी याद कोणीतरी भ्रमणध्वनीवर काढून द्यावी, अशी त्यांनी फर्माईश केली.